सवंगड्याची जागा : विकलांग बालक, दैनंदिन बालशिक्षण आणि कथनाची रचना

१

बालशिक्षणविषयक लेखनाकडे साहित्याचा अभ्यासक सहसा वळत नाही. अहवाल, पत्रे, पद्धतिग्रंथ, आठवणी अशा रूपांत ते विखुरलेले असते आणि ‘उपयुक्त’ लेखन म्हणून शिक्षणशास्त्राकडे सोपवून दिलेले असते. परंतु मूल कसे शिकले हे सांगणे म्हणजे एक कथाच सांगणे होय. त्या कथेला निवेदक असतो, नायक असतो, आरंभ आणि परिणती असते. कोणती घटना मध्यभागी ठेवावयाची आणि कोणती ओघात उल्लेखून सोडून द्यावयाची, याची निवड असते. शिकणारे मूल विकलांग असते तेव्हा ही निवड अधिकच निर्णायक ठरते. कारण अशा मुलाने कोठे, कोणासोबत आणि कोणाकडून शिकावे याविषयीच्या सामाजिक कल्पना बऱ्याच अंशी अशा कथांतूनच घडत आल्या आहेत.

या कल्पनांचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटातील विकलांग मुलांची संख्या सुमारे २०.४ लाख नोंदली गेली. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक शिक्षण-अहवालाने, त्याच जनगणनेच्या आधारे, पाच वर्षे वयाच्या विकलांग मुलांपैकी तीन-चतुर्थांश मुले कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नसल्याचे दाखवून दिले. ज्या वयात इतर मुले अंगणवाडीत वा बालवाडीत गाणी म्हणतात, मातीत खेळतात, त्या वयात ही मुले बहुसंख्येने घरी होती. मोफत शिक्षणाची कायदेशीर हमीही या वयापर्यंत पोचत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ती ६ ते १४ या वयोगटाला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ६ ते १८ या वयोगटातील विकलांग मुलांना दिली. त्याआधीच्या वर्षांत मूल कोठे असावे, हे कुटुंबाच्या आणि गावाच्या समजुतीवर अवलंबून राहते.

फ्रेंच, इटालियन, इंग्रजी, बंगाली आणि जपानी भाषांतील काही संहिता प्रस्तुत लेखात या दृष्टीने एकत्र वाचावयाच्या आहेत. काळ, देश आणि लेखनप्रकार भिन्न असूनही त्यांतील अनेकींत एक समान रचना आढळते. अग्रभागी शिक्षक आणि विकलांग मूल अशी जोडी असते. पार्श्वभागी, पुष्कळदा एखाद्या वाक्यापुरते, तिसरे कोणी मूल येऊन जाते. या तिसऱ्या मुलाला येथे ‘सवंगडी’ म्हटले आहे. कथनात सवंगड्याला कोणती जागा मिळते, यावरून त्या कथनातील समावेशनाची खोली ओळखता येते, असे या वाचनातून दिसते. विशेष शिक्षणाच्या कथेला दोन पात्रे पुरतात. समावेशनाची कथा मात्र तिसऱ्या पात्रावाचून उभीच राहू शकत नाही.

२

१८०० साली दक्षिण फ्रान्समधील आव्हेराँ प्रदेशात सापडलेल्या, सुमारे अकरा-बारा वर्षांच्या ‘रानटी’ मुलाला पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेत आणण्यात आले. तेथील तरुण वैद्य ज्याँ इतार यांनी त्याचे शिक्षण हाती घेतले, त्याला व्हिक्टर हे नाव दिले आणि १८०१ व १८०६ मध्ये त्याच्याविषयी दोन अहवाल लिहिले. व्हिक्टरचे वय बालवाडीचे नव्हते. परंतु इंद्रियशिक्षणावर आधारलेल्या पुढील सर्व बालशिक्षणाची परंपरा याच अहवालांपाशी जाऊन पोचते, म्हणून येथे आरंभ त्यांच्यापासून करणे योग्य ठरते.

पहिला अहवाल विद्वत्सभेपुढे ठेवण्यासाठी होता, दुसरा अंतर्गत व्यवहारमंत्र्यांसाठी. अशा वाचकाला दाखविण्याजोगा पुरावा लागतो, आणि इतारांच्या दृष्टीने सर्वांत मोठा पुरावा म्हणजे वाणी. त्यामुळे अहवालांचे कथानक वाणीच्या प्रतीक्षेचे बनते. व्हिक्टर दुधासाठीचा फ्रेंच शब्द उच्चारू लागतो. पण दूध मागण्यासाठी त्याचा उपयोग न करता ते मिळाल्याच्या आनंदात तो उद्गारतो, याची इतार खेदाने नोंद करतात. अखेरीस बोलणे शिकविण्याचा प्रयत्न सोडून द्यावा लागतो. कथानकाच्या मोजमापाने पाहिले तर ही अपयशाची कथा आहे.

परंतु त्याच संहितेच्या कडेला दुसरी कथा चालू असते. व्हिक्टरचा सांभाळ मादाम गेरँ करीत होत्या. त्यांची अकरा-बारा वर्षांची मुलगी ज्युली रविवारी आईकडे येत असे. व्हिक्टरच्या तोंडून एक विशिष्ट ध्वनी वारंवार निघू लागला तेव्हा तो ज्युलीच्या नावाशी संबंधित असावा, असा तर्क इतारांनी नोंदविला आहे. एका वैद्याच्या अथक प्रयत्नांपुढे आठवड्यातून एकदा येणारी ही मुलगी संहितेत काही ओळींपुरती येते आणि निघून जाते. तिच्या येण्याचा शिक्षणाशी काही संबंध असू शकेल, असा विचार पुढे नेला जात नाही. दुसऱ्या अहवालात असाच एक प्रसंग आहे. मादाम गेरँ यांचे पती वारल्यानंतरही व्हिक्टर नेहमीप्रमाणे त्यांचे ताट मांडतो. त्या रडू लागतात. तेव्हा तो ते ताट उचलून ठेवतो आणि पुन्हा कधीही मांडीत नाही. दुसऱ्याचे दुःख ओळखून आपले वागणे बदलणे, ही कोणत्याही बालशिक्षणाने अभिमानाने सांगावी अशी घटना होय. ती घडली घराच्या नित्य व्यवहारात, जेवणाच्या टेबलापाशी. इतार तिची नोंद भावनांच्या विकासाचे उदाहरण म्हणून करतात. तिच्यामुळे शिकविण्याची जागा बदलावी, असे त्यांना वाटत नाही.

हार्लन लेन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हिक्टरविषयक ग्रंथात एक मूलगामी आक्षेप घेतला आहे. ज्या संस्थेत व्हिक्टर राहत होता तेथे खुणांच्या भाषेत बोलणारी बधिर मुले होती. तरीही व्हिक्टरला ती भाषा शिकविण्याचा प्रयत्न झाला नाही. कथनाच्या अंगाने पाहता हा आक्षेप अधिक व्यापक होतो. सवंगड्यांनी भरलेले आवार भोवती असताना संहिता फक्त दोन व्यक्तींची राहिली. भाषा शिक्षकाकडून मिळते, सोबत्यांकडून नव्हे, हे गृहीतक तिच्या रचनेतच होते.

३

इतारांचे कार्य एदुआर सेगँ यांनी पुढे नेले आणि या दोघांचे लेखन मारिया माँटेसोरी यांनी आत्मसात केले. १९०० च्या सुमारास रोममधील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत त्यांनी दोन वर्षे काम केले. अक्षरांवरून बोट फिरवून लेखनाची तयारी करणे, हाताळण्याच्या वस्तूंतून इंद्रियांना वळण देणे, या गोष्टी तेथे आकाराला आल्या. १९०७ मध्ये सान लोरेंझो वस्तीत ‘बालकांचे घर’ सुरू झाले आणि १९०९ मध्ये त्यांचा पद्धतिग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाच्या पूर्वार्धात एक विलक्षण वळण आहे. ज्यांना शिकविणे अशक्य मानले जाई, त्यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक आश्चर्य करू लागले, तेव्हा लेखिकेला निराळाच प्रश्न पडला : निरोगी मुले इतक्या खालच्या पातळीवर का राहतात? हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासात फलदायी ठरला. परंतु कथनाच्या पातळीवर त्याने एक पात्र रंगमंचावरून हलविले. ज्या मुलांनी पद्धतीला जन्म दिला ती यापुढे पूर्वपीठिका होतात. खाचांत बसवावयाचे लाकडी दट्टे आणि खरखरीत कागदाची अक्षरे बालमंदिरांतून जगभर पोचली. ती ज्या मुलांच्या निमित्ताने सुचली ती मुले मात्र त्यांच्यासोबत पोचली नाहीत. १९२० मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांनी सुरू केलेल्या बालमंदिरातून आणि पुढे ताराबाई मोडक यांच्या कार्यातून ही साधने गुजराती व मराठी बालशिक्षणात रुजली.

म्हणूनच आजच्या बालवाडीत विकलांग मुलाचा प्रवेश ही सवलत मानणे इतिहासाशी विसंगत आहे. ते मूल ज्या खोलीत पाहुणे म्हणून येते, त्या खोलीतील सामानावर त्याच्या पूर्वसूरींच्या हातांचे ठसे आहेत. माँटेसोरींच्या ग्रंथात दोन्ही प्रकारची मुले आहेत, परंतु एकापाठोपाठ एक. एकाच खोलीत, एकाच वेळी, एकमेकांकडे पाहणारी अशी ती फारशी येत नाहीत. तुलना आहे, सहवास नाही.

४

हेलन केलर यांचे ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ (१९०३) हे पुस्तक तौलनिक वाचनाला विशेष उपयुक्त आहे. कारण त्यात एकच बालपण दोन निवेदकांनी सांगितलेले आहे. पुस्तकाच्या पहिल्या भागात हेलन यांचे आत्मकथन आहे आणि तिसऱ्या भागात त्यांच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांची पत्रे आहेत. ३ मार्च १८८७ रोजी सलिव्हन अलाबामातील टस्कंबिया येथे आल्या तेव्हा हेलन सात वर्षांचीही नव्हती. त्यानंतरच्या ५ एप्रिलचा पाण्याच्या पंपापाशी घडलेला प्रसंग जगप्रसिद्ध आहे. नाटक, चित्रपट आणि शालेय पाठ यांनी याच प्रसंगाला कथेचा कळस बनविले. एक असामान्य शिक्षिका, एक असामान्य मूल आणि एक क्षण : चमत्कारकथेला लागणारे सर्व काही त्यात आहे.

पत्रांत मात्र कळसानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे आहेत. आरंभी सलिव्हन यांनी हेलनला कुटुंबापासून वेगळे करून सुमारे दोन आठवडे बागेतील लहान घरात ठेवले होते. पंपाच्या प्रसंगानंतर काही दिवसांतच त्यांनी आखीव पाठ सोडून देण्याचे ठरविले. या निर्णयाचे कारण होते पंधरा महिन्यांचे एक मूल, हेलनचे नात्यातले लहान भावंड. ते बोलू लागण्याआधीच किती समजते, हे सलिव्हन यांनी पाहिले. आणि बाळाच्या कानात जसे सतत बोलले जाते तसे हेलनच्या तळहातावर पूर्ण वाक्यांत बोलत राहावयाचे, असे ठरविले. भाषा धड्यांतून न देता दिवसभराच्या व्यवहारातून द्यावयाची, हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. खास बनविलेल्या, गुंतागुंतीच्या शिक्षणपद्धतींविषयीची आपली वाढती साशंकताही पुढे त्यांनी पत्रांतून व्यक्त केली आहे. समावेशक बालशिक्षणाचे एक मूलतत्त्व येथे एका खासगी पत्रात, जवळजवळ सहज, मांडले गेले आहे. आणि त्याचा गुरू एक रांगते मूल आहे.

आत्मकथनाकडे वळले की सवंगड्यांना आणखी जागा मिळालेली दिसते. शिक्षिका येण्यापूर्वीही हेलनला समजून घेणारी एक मुलगी घरात होती : स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन. हेलनच्या खुणा तिला कळत. आज्ञा करणारी गोऱ्या घरातील मुलगी आणि ती पाळणारी कृष्णवर्णीय नोकराची मुलगी, असे हे नाते होते. त्यामुळे त्यातील समजूत निखळ मैत्रीची होती असे म्हणता येणार नाही. तरीही हेलनची पहिली भाषा पंपापाशी सुरू झाली नाही, ती त्याआधीच स्वयंपाकघरात आणि आवारात वापरात होती, हे आत्मकथनच सांगते. पुढे १८८८ मध्ये बोस्टन येथील पर्किन्स संस्थेत तळहातावरची लिपी जाणणारी अंध मुले भेटली. आपल्याच भाषेत इतर मुलांशी बोलता येण्याचा आनंद वर्णन करताना हेलन केलर दुभाष्यामार्फत बोलणाऱ्या परदेशी माणसाची उपमा वापरतात. त्या स्थितीतून आपण स्वदेशी आलो, असे त्यांना वाटले.

सरसकट समावेशनाच्या आग्रहाला हा उतारा गंभीर प्रश्न विचारतो. हेलनला पहिली समानभाषिक मुले भेटली ती एका विशेष संस्थेत. बधिर मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. खुणांची भाषा न जाणणाऱ्या चाळीस ऐकणाऱ्या मुलांत एका बधिर मुलाला बसविणे म्हणजे त्याला गर्दीत एकटे ठेवणे होय. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात समावेशक शिक्षणाच्या हक्कासोबत सांकेतिक भाषा शिकण्याची सोय आणि बधिर समाजाच्या भाषिक अस्मितेचे संवर्धन यांचाही समावेश आहे, तो याच कारणाने. भारताने या कराराला २००७ मध्ये मान्यता दिली. सवंगडी केवळ शेजारी बसलेला असून भागत नाही. दोघांना सामाईक अशी भाषा असावी लागते, आणि ती शिकण्याचे श्रम एकट्या विकलांग मुलावर टाकता येत नाहीत.

५

भाषांतराची हीच उपमा, जवळपास त्याच काळात, रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘सुभा’ (१८९३) या कथेत निराळ्या दिशेने येते. सुभाषिणी हे नाव धारण करणारी मुलगी मुकी आहे. तिच्या मोठ्या काळ्या डोळ्यांविषयी बोलताना निवेदक शब्दांची तुलना भाषांतराशी करतो. विचार शब्दांत मांडताना भाषांतराप्रमाणे ते घडवावे लागतात आणि त्यात चुका होतात. डोळ्यांना मात्र भाषांतर करावे लागत नाही. उतारा सुंदर आहे आणि म्हणूनच सावधपणे वाचावयाचा आहे. मुक्या मुलीची भाषा निसर्गतःच पूर्ण आहे असे म्हटले की ती समजून घेण्यासाठी कोणी काही शिकण्याची गरज उरत नाही.

परंतु कथा निवेदकाच्या या काव्यमयतेपेक्षा अधिक जाणते. सर्वसाधारण मुले सुभाला एक प्रकारे भीत आणि तिच्याशी खेळत नसत, अशी नोंद त्यात ओघातच येते. साऱ्या कथेचा आधार या एका नोंदीवर आहे. मुले खेळत नाहीत म्हणून गोठ्यातील सर्वशी आणि पांगुळी या गाई तिच्या मैत्रिणी होतात. प्रताप गळ टाकून बसतो तेव्हा जवळ मुकी सोबत असणे त्याला सोयीचे वाटते. तिला काय वाटते हे तो जाणून घेत नाही. कथेत पाठशाळा येत नाही, शिक्षकही येत नाही. शेवटी तिचे मुकेपण लपवून तिचे लग्न लावले जाते, आणि नव्या घरात तिचे डोळे वाचू शकणारे कोणीच नसते.

इतारांच्या अहवालात सवंगडी दुर्लक्षित आहे. ‘सुभा’मध्ये तो अभावाच्या रूपाने उपस्थित आहे. कथेतील शोकांतिकेचे बीज शारीरिक वैगुण्यात आहे की मुलांच्या त्या न खेळण्यात, या प्रश्नाचे उत्तर कथा उघडपणे देत नाही. तथापि गाई ज्या अर्थी तिला ओळखतात त्या अर्थी ओळखणे शक्य होते, इतके ती निश्चितपणे दाखविते. गावातील मुलांना ती ओळख लहानपणी झाली असती तर पुढील फसवणुकीला आधार उरला नसता. लहान वयातील सहवासाचे महत्त्व सांगणारा यापेक्षा प्रभावी युक्तिवाद धोरणविषयक लेखनात सापडणे कठीण आहे.

६

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ (१९८१) हे या मालिकेतील वेगळे पुस्तक आहे, कारण त्यात सवंगडीच निवेदक झाली आहे. सोसाकु कोबायाशी यांनी तोक्योमध्ये चालविलेल्या आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलेल्या तोमोए शाळेच्या या आठवणी आहेत. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेल्या चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून त्या मराठी वाचकापर्यंत पोचल्या आणि हिंदीसह इतर भारतीय भाषांतही वाचल्या गेल्या. प्रयोगशील शिक्षणाचा नमुना म्हणून या पुस्तकाची ख्याती आहे. रेल्वेच्या डब्यांतील वर्ग आणि आवडीप्रमाणे विषय निवडण्याची मोकळीक यांचा उल्लेख हमखास होतो. त्या वर्गात विकलांग मुले इतरांसोबत होती, ही बाब मात्र या चर्चेत मागे पडते.

पोलिओ झालेल्या यासुआकी यामामोतोला तोत्तोचान आपल्या झाडावर बोलावते, तो प्रसंग पुस्तकाचा गाभा आहे. शाळेत प्रत्येक मुलाने चढण्यासाठी आपले एक झाड ठरविलेले असते. यासुआकीचे असे झाड नसते. साधी शिडी लावून जमत नाही, तेव्हा तोत्तोचान घोडाशिडी ओढत आणते आणि शेवटी त्याला फांदीवर खेचून घेते. मोठ्यांना हे ठाऊक नसते. कथनाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, येथे शिक्षक अनुपस्थित आहे. त्याने निर्माण केलेल्या मोकळिकीत मुले स्वतः उपाय शोधतात. दोन, श्रम दोघांचेही आहेत. यासुआकी उचलून ठेवलेली वस्तू नसून घामाघूम होऊन चढणारा मुलगा आहे. तीन, वर पोचल्यावर देणारा बदलतो. अमेरिकेतील बहिणीकडून ऐकलेल्या दूरदर्शन या नवलाची माहिती यासुआकी तोत्तोचानला सांगतो. मदतीची एकमार्गी रेषा अशा रीतीने देवाणघेवाण बनते.

ताकाहाशी हा वाढ खुंटलेला, आखूड हातापायांचा मुलगा. क्रीडादिनाचे खेळ असे योजलेले असतात की पायऱ्यांवरून धावताना आणि कापडी माशाच्या पोटातून सरपटत जाताना त्याचे लहान शरीर उपयोगी पडते, आणि तो जिंकतो. ही योजना मुख्याध्यापकांनी कोणालाही सांगितलेली नाही. पूर्वीची तोत्तोचान केवळ ताकाहाशी जिंकल्याचे पाहते. प्रौढ निवेदिकेला मागाहून योजना उमजते. बालदृष्टी आणि प्रौढ जाण यांतील हे अंतर म्हणजे निव्वळ शैली नव्हे. समावेशन यशस्वी होते तेव्हा ते मुलांना समावेशन म्हणून दिसत नाही, हे सत्य या दुहेरी निवेदनावाचून सांगताच आले नसते. याउलट एका शिक्षिकेने ताकाहाशीला सहज विनोदाने शेपटीविषयी विचारले, तेव्हा कोबायाशींनी स्वयंपाकघरात, इतरांच्या नजरेआड, तिला तीव्र शब्दांत जाब विचारला. तो प्रसंग दाखवितो की समावेशन मोडते तेही अशाच किरकोळ, दैनंदिन क्षणी.

तरीही या संहितेची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. यासुआकी पुस्तकात मरण पावतो. ते घडलेले वास्तव आहे. त्याबद्दल लेखिकेला दोष देता येत नाही. परंतु विकलांग बालकाचा मृत्यू सवंगड्याच्या भावनिक वाढीचे साधन होणे ही जागतिक साहित्यात रूढ झालेली रचना आहे, आणि वाचकाच्या स्मरणात यासुआकी त्याच रचनेत जाऊन बसतो. पुस्तकाच्या अखेरीस मोठेपणीचा ताकाहाशी भेटतो. तो एका कंपनीत कर्मचाऱ्यांशी संबंधित काम करतो आणि शाळेने दिलेल्या आत्मविश्वासाचा उल्लेख करतो. समावेशनाच्या कथेला खरी परिणती तेथे मिळते. झाडावरचा प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो म्हणून सांगितला जातो आणि नोकरी करणारा ताकाहाशी विसरला जातो, हे वाचकांच्या अभिरुचीविषयीही काही सांगते. शिवाय सवंगडी निवेदक झाली तरी विकलांग मूल अद्याप निवेदक झालेले नाही, हेही विसरता येत नाही.

७

झाड पुन्हा एकदा येते ते तूलिका प्रकाशनाच्या ‘कॅच दॅट कॅट!’ (२०१३) या तारिणी विश्वनाथ यांच्या चित्रपुस्तकात. चित्रे नॅन्सी राज यांची आहेत. डिप डिप ही खोडकर मुलगी मैत्रीण मीमोची हरवलेली मांजर शोधण्यासाठी धावपळ करते आणि झाडावरही पोचते. ती चाकाच्या खुर्चीत आहे, हे फक्त चित्रांतून कळते. शब्द त्याविषयी काही बोलत नाहीत. ‘तोत्तोचान’मध्ये विकलांग मुलाला झाडावर नेले जाते, येथे मैत्रिणीच्या मदतीसाठी विकलांग मुलगीच झाडावर जाते. मदत करणारी आणि मदत घेणारी यांची स्थाने उलटली आहेत, आणि त्याचे कौतुकही संहिता करीत नाही. अक्षरओळख नसलेले बालवाडीतील मूल चित्र पाहूनच गोष्ट समजून घेते, म्हणून खुर्ची चित्रात असणे आणि शब्दांत नसणे ही निवड त्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. खुर्ची त्याला दिसते, परंतु गोष्ट मांजरीचीच राहते.

या पार्श्वभूमीवर भारतीय धोरणाची भाषाही एक संहिता म्हणून वाचता येते. २०१५ नंतर शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. अवहेलना टाळण्याचा हेतू त्यामागे असला तरी शब्दाची घडण चमत्कारकथेची आहे. ज्याच्या ठायी दिव्यत्व आहे त्याच्याविषयी आदर वाटेल; त्याच्याशी वाळूत खेळावेसे वाटेलच असे नाही. दुसरीकडे २०१६ च्या अधिनियमातील समावेशक शिक्षणाची व्याख्या अधिक नेमकी आहे. विकलांग असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकत्र शिकणे आणि त्यासाठी अध्यापनाची व्यवस्था बदलणे, या दोन्ही गोष्टी तीत आहेत. म्हणजे सवंगडी कायद्याच्या व्याख्येत आहे. पण सहा वर्षांखालील मुलापर्यंत तो हक्क म्हणून पोचलेला नाही.

या बाबतीत मराठी प्रदेशातील एका प्रयोगाचे स्मरण उपयुक्त ठरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे काम करताना, बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी बालवाडीच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेली. जातीच्या आणि दारिद्र्याच्या अडसरांवर काढलेला तो उपाय होता. विकलांगता हा त्याचा आरंभीचा विषय नव्हता. परंतु मुलाला संस्थेजोगे करण्याऐवजी संस्थेने मुलाजवळ जावे, हे त्यातील तत्त्व समावेशनाचेच आहे. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. शब्द पोचला, त्यातील तत्त्व विकलांग मुलांपर्यंत पोचण्यास बराच काळ जावा लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. विकलांगतेच्या खुणा लवकर ओळखणे, समाजजीवनात समावेश व कुटुंबाचे सक्षमीकरण, आणि आरोग्यसेवेकडे पाठवणी हे तिचे तीन टप्पे आहेत. पहिला आणि तिसरा टप्पा तज्ज्ञ व मूल यांच्यातील आहे, म्हणजे इतारांच्या परंपरेतील. सवंगड्याला जागा असलीच तर ती मधल्या टप्प्यात आहे, आणि नोंदवहीत उतरविण्यास तोच सर्वांत कठीण आहे. तपासलेल्या मुलांची संख्या लिहिता येते. सेविकेने गोलात बसविलेल्या मुलांपैकी कोण कोणाचा हात धरून बसले, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे?

जे रकान्यात मावत नाही ते नोंदविणे हे साहित्याचे काम आहे. ज्युलीचा रविवार, सलिव्हन यांना शिकविणारे रांगते मूल, सुभाशी न खेळणारी मुले, तोत्तोचानची घोडाशिडी, डिप डिपची मांजर : या नोंदी एकत्र ठेवल्यावर जे चित्र दिसते ते एकेका संहितेत पुरते दिसत नाही. तौलनिक वाचनाचा येथील लाभ तोच आहे. मराठीतील बालशिक्षणाच्या आठवणी, शिक्षकांची आत्मचरित्रे आणि विकलांग व्यक्तींची आत्मकथने याच प्रश्नासह पुन्हा वाचण्याची गरज आहे. त्यांत शिक्षकाचा त्याग आणि मुलाची जिद्द पुष्कळ आढळेल. शेजारच्या मुलाने काय केले, याचा शोध मात्र प्रत्येक संहितेच्या कडेला जाऊन घ्यावा लागेल.